देवयानीचे फोटो ना चोरलेले, ना रंगवलेले

‘२५ लाख प्रकाशवर्षे लांबची देवयानी दीर्घिका म्हणे घरच्या कॅमेऱ्याने टिपली! हे सगळे फोटो नासाचे चोरलेले, नाहीतर कॉम्प्युटरवर रंगवलेले.’ अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. देवयानी म्हणजे अँड्रोमेडा गॅलेक्सी, असंख्य ताऱ्यांचा प्रचंड समूह. त्यातला एकेक मुद्दा घेतो.

‘इतक्या लांबचं दिसेलच कसं?’ अंतर अफाट आहे, पण दीर्घिकाही अवाढव्य आहे. आकाशात ती तीन अंश व्यापते, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढी. अंधाऱ्या गावी ती नुसत्या डोळ्यांनाही पुसटशी दिसते. अल-सूफी या पर्शियन खगोलशास्त्रज्ञाने ९६४ सालीच तिची ‘लहानसा ढग’ अशी नोंद केली होती. १३५ मिमीच्या लेन्समध्ये ती अख्खी मावते. उलट हबल या अवकाश दुर्बिणीची नजर इतकी अरुंद, की २०२५मध्ये प्रसिद्ध झालेलं तिचं चित्र जुळवायला ६००हून अधिक तुकडे लागले.

‘मग दुर्बिणीतून बघताना असं का दिसत नाही?’ प्रश्न रास्त आहे. डोळा प्रकाश साठवत नाही, कॅमेरा साठवतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून कॅमेरा ट्रॅकरवर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने त्याला फिरवणाऱ्या यंत्रावर, बसवून त्या यंत्राचा अक्ष ध्रुवाशी जुळवावा लागतो. तो जरा चुकला की ताऱ्यांच्या रेघा होतात. मागच्या कार्तिकात वांगणीजवळ मी दोन-दोन मिनिटांचे ९० फोटो घेतले. सुट्या फोटोत मधला पिवळट गोळा आणि वाळू सांडल्यासारखे दाणे, एवढंच दिसत होतं. पण दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक फोटोत तसाच असतो, दाणे मात्र दरवेळी वेगळे पडतात. सगळ्यांची सरासरी काढली की दाणे जवळपास साडेनऊ पटींनी विरतात आणि धुळीचे काळे पट्टे उमटतात. यालाच स्टॅकिंग म्हणतात, त्यात बाहेरून काहीही घातलेलं नसतं. ब्रिटनमधल्या आयझॅक रॉबर्ट्स या हौशी निरीक्षकाने तर १८८८मध्ये, कॉम्प्युटर नसताना, काचेच्या प्लेटवर हिचा आकार टिपला होता.

‘रंग खोटे असतात.’ मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. गाभ्यातले म्हातारे तारे पिवळसर, बाहेरचे तरुण तारे निळे. रंग उठावदार करतात, हे मान्य. किल्ल्याच्या बुरुजामागे आभाळभर देवयानी चिकटवून ‘एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्यांचा तर मलाही राग येतो. पण त्यांच्यामुळे रात्र रात्र थंडीत बसणाऱ्यांना खोटं ठरवू नका.

राहिला चोरीचा आरोप. १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाला सप्तर्षींजवळच्या एम १०१ दीर्घिकेत, सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षांवर, अतिनवतारा (सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन अचानक झळाळलेला तारा) सापडला. पुढच्या काही रात्रींत जगभरच्या गच्च्यांवरून घेतलेल्या फोटोंत तो त्याच जागी झळकत होता. जुने फोटो चोरले असते, तर त्यांत तो आला कुठून?

आणि देवयानीचंच सांगतो. ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी या तीन हौशींनी १०६ मिमीच्या दुर्बिणीने शंभराहून अधिक तासांचा प्रकाश गोळा केला, त्यात फक्त ऑक्सिजन वायूचा प्रकाश आत सोडणारा फिल्टरही वापरला. दीर्घिकेच्या शेजारी निळसर वायूची एक लांबलचक कमान दिसली. २०२३च्या जानेवारीत ती जाहीर झाली. तोवर ती कोणत्याही मोठ्या वेधशाळेच्या नजरेला पडली नव्हती आणि नासाकडेही तिचं चित्र नव्हतं.