कडी नसलेल्या दाराचं काय?

सार्वजनिक शौचालयात कसं वागावं यावरच्या लेखातला 'दार वाजवा आणि थांबा' हा नियम पुरुषांच्या बाजूला चालत असेल. बायकांकडे निम्म्या दारांना कडीच नसते हो! नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदीला गेलं की रांगेतली मागची बाई दार ओढून धरते, वर पर्स-पिशव्याही सांभाळते. ओळखपाळख काही नाही.

लेखात राहून गेलेला नियम म्हणजे बादली. शेवटचं पाणी वापरलंत तर ती नळाखाली लावूनच बाहेर या. मे महिन्यात पारा ४५ वर असतो तेव्हा नळाला करंगळीएवढी धार. भरायला वेळ लागतो. आणि पॅड कागदात गुंडाळून डब्यात. डबा नसेल तर पर्समध्ये ठेवा, पण शौचालयाच्या भांड्यात नको. तुंबलं की त्यात हात सफाईवाल्या मावशींना घालावा लागतो.