‘वॉर्निंग दाबायला शिकवताय’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सी प्लस प्लसचा कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) संशयास्पद कोडबद्दल ज्या वॉर्निंग देतो त्या कशा हाताळायच्या, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा वाटलं गंमत करताय. ‘वॉर्निंग दाबायला शिकवण्यापेक्षा आधी कोड लिहायला शिका, ज्याला डब्ल्यू-एरर झेपत नाही त्याने सी प्लस प्लसच्या वाटेला जाऊ नये.’ (डब्ल्यू-एरर म्हणजे प्रत्येक वॉर्निंगला एरर मानून बिल्ड, म्हणजे प्रोग्राम तयार होणं, थांबवणारा पर्याय.) अहो, मत वेगळं असू द्या ना, पण हा सूर कशाला? ओळख ना पाळख आणि थेट ‘शिका’? मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) हाताने लिहायचे तेव्हापासून मी याच कामावर पोट भरतोय.

बरं, शीर्षक जरा भडक होतं, मान्य. पण ‘दाबा’ असं मी म्हटलंय कुठे? प्रत्येक वॉर्निंगची पातळी वेगवेगळी ठरवा म्हटलंय. फंक्शनने इंट (पूर्णांक) परत द्यायचाय आणि एका एल्समध्ये (अट खोटी ठरल्यावर चालणाऱ्या भागात) तो परत देणारा रिटर्न राहून गेलाय, ही वॉर्निंग आणि फंक्शनला दिलेला पॅरामीटर वापरलाच नाही ही वॉर्निंग, दोन्ही तुम्हाला सारख्याच? पहिली म्हणजे सरळ अनडिफाइन्ड बिहेवियर (कोड काय करेल याची भाषा हमीच देत नाही), चुका शोधायच्या डीबग बिल्डमध्ये कदाचित निभावेल, कोड वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन लावलं की काहीही होऊ शकतं. म्हणून तेवढीच एरर करायची, जीसीसी या कंपायलरला ‘-डब्ल्यूएरर=रिटर्न-टाइप’, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला ‘/डब्ल्यूई४७१५’. दुसरी बऱ्याचदा बेस (मूळ) क्लासमधल्या फंक्शनशी सिग्नेचर (पॅरामीटरांची यादी) जुळवायची म्हणून येते, ती राहू द्या नाहीतर बंद करा, काही बिघडत नाही.

आणि सरसकट डब्ल्यू-एररने काय होतं ते मी एका जुन्या नोकरीत बघितलंय. कंपायलर अपग्रेड झाला, त्याने नव्या वॉर्निंग काढल्या, बिल्ड पडला, रिलीज तोंडावर, आणि कोणीतरी (मी नव्हे!) मेकफाइलमध्ये छोटा डब्ल्यू टाकून मोकळा झाला. छोटा डब्ल्यू म्हणजे सगळ्याच वॉर्निंग गप्प, त्या रिटर्नवालीसकट, आणि तो नंतर कोणी काढलाच नाही. त्याऐवजी त्या नव्या, डिप्रिकेटेडवाल्या (‘हे आता वापरू नका’ सांगणाऱ्या) तेवढ्या ‘नो-एरर’ केल्या असत्या, म्हणजे नुसत्या वॉर्निंग ठेवल्या असत्या, तर बिल्डही झाला असता आणि त्या डोळ्यांसमोरही राहिल्या असत्या. मग सांगा, वॉर्निंग दाबल्या कोणी?

‘जीसीसीसुद्धा कडक होतंय’ म्हणून तुम्ही २०२४ च्या जीसीसी १४ चं उदाहरण दिलंत. त्यांनी तरी काय केलं? इम्प्लिसिट फंक्शन डिक्लरेशनसारख्या (आधी जाहीर न केलेलं फंक्शन वापरल्याच्या) सी भाषेतल्या मोजक्या वॉर्निंग वेचून एरर केल्या, सगळ्या नाही. म्हणजे माझाच मुद्दा मला ऐकवताय.

बाकी प्राग्मा पुश-पॉप (कोडच्या एका तुकड्यापुरतीच वॉर्निंग बंद करणं), थर्ड पार्टी हेडर (दुसऱ्यांच्या लायब्ररीच्या फाइल) वगैरे जे ‘राहिलंय’ म्हणताय ते सगळं लेखात आहे, खाली स्क्रोल करायची तसदी घ्या.