हद्द फक्त पोलिसांनाच आहे

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने लिहिले की, शिकल्यासवरलेल्या माणसांनी अशा फोनला बळी पडावे म्हणजे कमाल आहे. रोख आमच्या शेजारच्या काकूंवर होता. तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही.

काकू निवृत्त शिक्षिका आहेत आणि एकट्या राहतात. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला एक माणूस आला, तुमच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमवरून काळ्या पैशाचे व्यवहार झाले आहेत असे त्याने सांगितले, अटकेचा खोटा आदेश दाखवला आणि कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही असे बजावले. काकूंनी फोन ओट्यावरच्या कळशीला टेकवून ठेवला होता आणि रक्तदाबाची गोळी घेण्यासाठीसुद्धा त्या त्याची परवानगी मागत होत्या. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन त्यांनी मुदत ठेव मोडली. नावे ठेवणाऱ्यांनी ती कळशी आणि ती गोळी एकदा डोळ्यांसमोर आणावी. डिजिटल अरेस्ट नावाची अटक आपल्या कोणत्याच कायद्यात नाही हे आज सगळ्यांना ठाऊक आहे, पण समोर गणवेश दिसला की घाबरायचे, हे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार झाली, गुन्हा नोंदला गेला, परंतु तोवर पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून दोन-तीन राज्यांत पांगले होते. तपास अधिकाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्या टेबलावर चोऱ्या, अपघात, बंदोबस्त हे सगळे होतेच, आणि परराज्यात पथक पाठवायचे तर वरिष्ठांची परवानगी आणि तिथल्या पोलिसांची मदत, दोन्ही जमून यावे लागते. त्याच टोळीने दुसऱ्या शहरात कोणाला लुटले असेल तर तिथे वेगळा गुन्हा, वेगळे अधिकारी, वेगळी फाइल. आपल्याकडे ठाण्यातून मुलुंड चेकनाका ओलांडला की मुंबईचे आयुक्तालय, विटावा सोडून दिघा-ऐरोलीकडे गेले की नवी मुंबईचे आणि घोडबंदर गावापाशी मीरा-भाईंदर, वसई-विरारचे सुरू होते. काकूंचे पैसे मात्र कोणत्याही नाक्यावर थांबले नाहीत.

ब्रिटनने हा प्रश्न ओळखला. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४३ प्रादेशिक पोलीस दले आहेत, आणि ती कायम ठेवून ७ ऑक्टोबर २०१३ पासून तिथे संघटित व गंभीर गुन्ह्यांसाठी नॅशनल क्राइम एजन्सी ही राष्ट्रीय संस्था काम करू लागली. तिच्या अधिकाऱ्यांना पोलीस, सीमाशुल्क आणि इमिग्रेशन असे तिन्ही अधिकार देता येतात, आणि गरज पडल्यास तिचे महासंचालक स्थानिक दलाला कारवाईचा आदेशही देऊ शकतात. २०२० मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी एन्क्रोचॅट ही गुन्हेगारांची गुप्त संदेशसेवा फोडली, तेव्हा ब्रिटनमधील कारवाईची सूत्रे याच संस्थेकडे होती आणि जुलैत पहिली घोषणा झाली त्या वेळी ७४६ जणांना अटक झालेली होती. तिथले गुन्हे संपले असे मी म्हणत नाही. पण टोळी सगळीकडची असेल तर तिचा पाठलाग कोणी करायचा, याचे उत्तर तिथे ठरलेले आहे.

आपल्याकडे कायदे आहेत. महाराष्ट्राने १९९९ मध्येच मोक्का आणला आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीची व्याख्या करताना सायबर गुन्हेही धरले आहेत. राष्ट्रीय तपास संस्था २६/११ नंतर आली, तिला ठरावीक यादीतलेच गुन्हे हाताळता येतात. सीबीआय आजही १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यावर उभी आहे आणि राज्याच्या संमतीवाचून तिला राज्यात तपास करता येत नाही. आपल्याच राज्याने ती संमती २०२० मध्ये काढून घेतली आणि २०२२ मध्ये परत दिली. अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याने पत्र लिहिले, त्याची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये डिजिटल अरेस्टचा तपास सीबीआयकडे सोपवून संमती न दिलेल्या राज्यांनाही ती द्यायला सांगितले. हे न्यायालयाला का करावे लागले? संसदेत बसलेल्यांच्या घरी वयस्कर आईवडील नाहीत का?

आपल्याकडेही अशी राष्ट्रीय संस्था हवी. ती उभारून केंद्राच्या हातात आणखी एक हत्यार दिले की त्याचा वापर राजकीय विरोधकांवर होईल, ही भीती खरी आहे, तेवढे मान्य करतो. पण याही बाबतीत ब्रिटनकडे पाहावे. उत्तर आयर्लंडमधील काही पक्षांनी उत्तरदायित्वाचा मुद्दा लावून धरला, त्यामुळे नॅशनल क्राइम एजन्सीला तिथे पूर्ण अधिकार २०१५ मध्ये, तिथल्या पोलीस मंडळापुढे जबाबदार राहण्याची सोय झाल्यावरच मिळाले. आपल्या राज्यांनीही अशा अटी घालाव्यात, त्या कडक असाव्यात, पण त्या ठरवण्यासाठी एका टेबलाभोवती बसावे तरी.

काकू आता अनोळखी फोन उचलत नाहीत, आणि ओळखीचाही पुष्कळदा वाजू देतात. मी आज रात्री आपल्या खासदारांना पत्र लिहिणार आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असा फोन आला असेल त्यांनी आपली हकीकत मला निरोपात पाठवावी. नावे वगळून ती मी पत्राला जोडेन.