एस वेद्राचा खडक आणि चुंबकत्वाची दंतकथा

स्पेनच्या इबिझा बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर, समुद्रातून सुमारे ४०० मीटर उंच उठलेला एस वेद्रा हा निर्जन खडक ‘उत्तर ध्रुव आणि बर्म्युडा त्रिकोणानंतरचे जगातील तिसरे सर्वाधिक चुंबकीय ठिकाण’ आहे, तेथे होकायंत्रे आणि विमाने भरकटतात आणि म्हणूनच तेथे कोणी टिकत नाही, असा मजकूर त्याच्या सूर्यास्ताच्या छायाचित्राखाली सर्रास फिरतो.

मुळात अशी क्रमवारीच अस्तित्वात नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र भूपृष्ठावर साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) असते. इबिझापाशी ते ४५ च्या आसपास, म्हणजे अगदी मधल्या पट्टीतले आहे. रशियातील कुर्स्क परिसरात भूगर्भातील लोहखनिजामुळे होकायंत्र खरोखर फसते, पण त्याचे नाव या यादीत नाही, यावरून यादी करणाऱ्याने काय मोजले असेल ते दिसतेच.

दुसरे म्हणजे दगड. एस वेद्रा चुनखडीचा आहे, आणि चुनखडी चुंबकाला जवळजवळ दादच देत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडणार म्हणून कुलाबा वेधशाळेतले पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले, तेव्हा तेथील इमारतीसाठी मुद्दाम पारखून घेतलेला पोरबंदरचा दगड चुनखडीच्याच कुळातला होता; चुंबकीय सुईला त्रास होऊ नये म्हणून जो निवडतात, तोच तिला वेड लावतो म्हणणे अजब आहे. बोटीत मोबाइलमधला होकायंत्राचा काटा गरगरला, तर आधी कव्हरच्या झाकणातले चुंबक आणि शेजारचे इंजिन तपासावे.

विमाने भरकटण्याचा जो दाखला देतात, तो ११ नोव्हेंबर १९७९ चा. इबिझाच्या परिसरात एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाला तांबडे दिवे पाठलाग करताना दिसले आणि त्याने विमान वालेन्सियाजवळच्या मानिसेस येथे उतरवले. ते दिवे कशाचे, यावर वाद घालता येईल. मात्र विमान वळले ते त्या दिव्यांमुळे, होकायंत्र बिघडल्यामुळे नव्हे.

राहिली निर्जनतेची गोष्ट. उभे कडे हे तिचे साधे कारण असून २००२ पासून हा संरक्षित निसर्गक्षेत्राचा भाग आहे. फ्रान्सेस्क पालाउ हे कार्मेलाइट या ख्रिस्ती संघातले साधू १८५० च्या दशकात तेथे एकांतासाठी जात, ते दिशा न चुकता परतही येत. माणसांनी सोडलेल्या शेळ्या तर तेथे मजेत वाढल्या; दुर्मीळ वनस्पती वाचवण्यासाठी २०१६ मध्ये प्रशासनाने त्यांतल्या सुमारे ५० हटवल्या, त्याही बंदुकीच्या गोळ्यांनी.