दोन रुपयांची ओळख

१९ एप्रिल २०२४. लोकसभेच्या मतदानाचा दिवस. सकाळी साडेसहालाच आमच्या घरी कपाट उपसायला सुरुवात झाली. बायकोनं माझं मतदार ओळखपत्र जपून ठेवलं होतं, आणि आमच्या घरात जपून ठेवलेली वस्तू पुन्हा कधी दिसत नाही. कूलरच्या पंपाचं मुदत संपलेलं गॅरंटी कार्ड सापडलं, आहेराची यादी सापडली, पोराच्या जावळाची पुडीसुद्धा सापडली. ओळखपत्र नाही.

तसं ते सापडून फार फरक पडला असता असं नाही. शेषन साहेबांच्या निवडणूक आयोगानं १९९३ साली फोटोवाली ओळखपत्रं आणली, त्याच लाटेतलं माझं कार्ड. शाळेच्या बाकावर बसवून काढलेल्या त्या फोटोत माझा एक कान आणि मागच्या काकूंचा पदर, एवढंच स्पष्ट आलं होतं.

"घरी आलेली चिठ्ठी न्या ना जी," बायको म्हणाली. चिठ्ठीवर नाव, यादीभाग, अनुक्रमांक सगळं असतं, पण ओळखीचा पुरावा म्हणून ती चालत नाही. म्हणजे मी कोण, कुठं राहतो, हे ते घरी येऊन मलाच सांगून गेले. आता मी तिथं जाऊन त्यांना पटवायचं.

मेव्हण्याला फोन लावला. तो शिक्षक, इलेक्शन ड्यूटीत केस पिकलेले, यंदा कसाबसा सुटलेला. "कार्ड नसलं तर बारा कागद चालतात भाऊजी," म्हणून त्यानं पाढाच सुरू केला. आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटोवालं पासबुक, पेन्शनचा कागद, रोजगार हमीचं जॉब कार्ड. "आमदार-खासदारायचं ओळखपत्रबी चालते."

"तेवढं एक तुमच्याच्यानं झालं नाही," बायको स्पीकरजवळ येऊन म्हणाली.

आधार कार्ड परवाच झेरॉक्सवाल्याच्या मशिनीत काचेखाली राहिलं होतं, आणि दुकान बंद. मोबाइलमध्ये आहे, पण मोबाइल केंद्रात नेता येत नाही. लायसन्स पोरासोबत पुण्याला गेलेलं (का गेलं, हे विचारू नका, तो वेगळा लेख होईल). राहिलं पॅन आणि पासबुक.

महाल भागातल्या शाळेत आमचं केंद्र. एप्रिलातलं नागपूरचं ऊन आठ वाजताच डोक्यावर चढतं, त्यामुळे सगळी रांग भिंतीच्या सावलीत एका रेघेत चिकटलेली. आत पहिल्या अधिकाऱ्यानं माझं नाव मोठ्यानं वाचलं. बाकावर बसलेल्या पोलिंग एजंटांनी, म्हणजे उमेदवारांच्या माणसांनी, माना वर केल्या. सगळे गल्लीतले. त्यातल्या एकाकडे दिवाळीपासून माझी शिडी आहे, त्यानं लगेच यादीत डोकं घातलं.

या एजंटांना एक अधिकार असतो. मतदार खोटा वाटला तर केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये रोख भरून त्याच्या ओळखीला आव्हान देता येतं. माझ्या अख्ख्या अस्तित्वावर शंका घ्यायला दोन रुपये. आमच्याकडे त्यात कटिंगही येत नाही.

"घेऊ का आक्षेप, भाऊ?" शिडीवाला हसत म्हणाला. "सुट्टे हायेत."

"आधी शिडी आणून दे."

अधिकारी मात्र हसले नाहीत. पासबुकावर बँकेचा गोल शिक्का नेमका माझ्या नाकावर बसला होता, आणि पॅनवरचा फोटो म्हणजे तिळाच्या लाडूतला काळा तीळ. नावातली वेलांटी इकडची तिकडे असेल तर ते चालवून घेतात, पण चेहरा जुळायला हवा. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मिशी कुठी गेली जी?"

"पांढरी झाली, म्हणून काढली."

"अन् केस?"

"ते आपल्या मनानं गेले."

मागं रांगेत चुळबुळ सुरू झाली. "अवं, आमच्याच गल्लीतले हायेत ते!" एक आजी ओरडल्या. खोलीतली निम्मी माणसं मला ओळखत होती, पण त्यांच्यापैकी एकही त्या बारा कागदांत बसत नव्हता.

"हसू नका," अधिकारी म्हणाले. "फोटोत केलं होतं तसं तोंड करा."

मी मनानं बँकेतल्या त्या दुपारी गेलो. मॅनेजरची सही बाकी, जेवणाची सुट्टी तोंडावर, खिडकीची झडप खाली येतेय. चेहरा आपोआप पडला.

"हां! हेच ते." त्यांनी पासबुक परत दिलं.

पुढचं सगळं झटपट झालं. डाव्या तर्जनीला शाई, रजिस्टरात सही, बटण, मत कुणाला गेलं ते काचेमागे सात सेकंद दाखवून खाली पडलेली चिठ्ठी. त्या दिवशी नागपुरात ५४ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. उरलेले लोक कुठं होते, यावर पुढं बरीच चर्चा झाली. माझ्या मते ते कपाटं उपसत होते.

परतताना पोह्यांच्या गाडीजवळ थांबलो. तर्रीचा वास सुटला होता. मी रस्त्याकडे तोंड करून बोटावरची शाई वाळवत उभा होतो, तोच मागून आवाज आला, "भाऊ, परवाचे वीस रुपये राह्यले तुमचे."

मी पाठमोरा होतो.