कोण किती पाण्यात आहे

मेंटेनन्सच्या बिलात ‘पाणी’ या रकान्यातला आकडा फुगलेला दिसला, की सर्वांत आधी छताकडे बघा. तुमच्या डोक्यावर जे कुटुंब राहतं, दोष त्यांचाच. आपल्या मोरीकडे चुकूनही बघू नका. आपण पाणी वापरतो, नासतात ते लोक.

पुरावे गोळा करायला फार कष्ट पडत नाहीत. पहाटे पाचला बाथरूमच्या खिडकीतून डक्टमध्ये कान लावून उभं राहा. बादली कोणाची, शॉवर कोणाचा, हे आठवडाभरात आवाजावरून ओळखू येतं. आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे सात माणसं आहेत. मी मोजली आहेत. दिवसातून दोनदा वॉशिंग मशीन, गावाकडचे पाहुणे, शिवाय गॅलरीतल्या झाडांना पाइपने अभ्यंगस्नान. आमच्याकडे आम्ही दोघंच. आणि टँकरची वर्गणी दोन्ही घरांना सारखी! हे वाक्य सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकताना शेवटी हात जोडल्याची खूण टाकायला विसरू नका. भांडण सुसंस्कृत दिसतं. त्या दिवसापासून मी काकांना पाण्यात पाहतो आणि ते मला, पण जिन्यात नमस्कार होतो.

इथवर आलात की तुमच्या तोंडून आपोआप शब्द निघेल: मीटर. ज्याने जेवढं वापरलं, त्याने तेवढं भरावं. सभेत हे बोलताना आवाज थोडा चढवावा, कारण हे तत्त्व आहे. फक्त बोलण्याआधी घरातली डोकी मोजून घ्या. माणसं चारापेक्षा कमी असतील तर तुमचा मीटरला पाठिंबा आहे. जास्त असतील तर ‘पाणी ही निसर्गाची देणगी आहे, तिचं माप कसलं काढता?’ हे तुमचं मत आहे. आणि लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची असेल, तर ती परत जाईपर्यंत तुमचं या विषयावर काहीच मत नाही.

बाहेरची व्यवस्थाही समजून घ्या, सभेत वापरता येते. पुण्यात घरगुती पाणीपट्टी घरपट्टीच्याच बिलातून येते आणि ती घराच्या करपात्र मूल्यावर ठरते. म्हणजे मोठ्या फ्लॅटमध्ये एकट्याने राहणारे आणि रोज एका बादलीत भागवणारे आजोबा जास्त भरतात. दोन खोल्यांतलं आठ जणांचं कुटुंब कमी. मग सगळीकडे सारखं, चोवीस तास आणि मोजून पाणी द्यायचं म्हणून समान पाणीपुरवठा योजना आली. महापालिकेने २०१७ च्या जूनमध्ये तिच्यासाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढून ते शेअर बाजारात नेले आणि तीन लाखांवर मीटर बसवायचा बेत आखला. आमच्याही फाटकाशी एक निळा मीटर येऊन बसला आहे. पाणी चोवीस तास येईल तेव्हा येईल. ते चोवीस तास मोजायची सोय आधीपासून तयार असलेली बरी. पाळणा आधी घेऊन ठेवतात, तसंच.

जिथे पाणी ठरावीक वेळेलाच सुटतं, तिथे मीटरची मजा काही और असते. चावीवाला चावी सोडतो तेव्हा रिकाम्या पाइपात आधी हवा असते. पाणी तिला पुढे रेटतं आणि ती मीटरमधून शूं करत बाहेर पडते. त्या वेळी मीटरचं चाक असं गरगरतं, की बघणाऱ्याला चक्कर यावी. नळाला थेंब नाही आणि आकडे पुढे सरकतायत. याबद्दल तक्रार करू नका. पुण्याच्या हवेचं एवढं कौतुक करता, तर थोडे पैसे मोजायला काय हरकत आहे?

पूर्वी हे असलं काही नव्हतं, असं सभेत कोणीतरी म्हणणारच. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ घालून शहरात पाणी आणलं, पेठांमधून हौद बांधले, तेव्हा कुठे होते मीटर? खरं आहे. पण तेव्हा हौदावर रांग होती, आणि कोणाची घागर कितवी, हे रांगेतल्या प्रत्येकीला तोंडपाठ असणार. त्याहून अचूक यंत्र अजून निघायचं आहे.

प्रत्येक फ्लॅटला वेगळा मीटर बसवायचं ठरलं, की प्लंबरला बोलवा. तो डक्टमध्ये डोकं घालेल, ‘च्च च्च’ करेल आणि सांगेल, की बिल्डरने स्वयंपाकघर, दोन बाथरूम आणि वॉशिंग मशीन यांच्या चार वेगळ्या लाइनी गच्चीवरच्या टाकीतून उतरवल्या आहेत. प्रत्येक घराला चार मीटर. आम्ही २४ घरं, म्हणजे ९६. दर महिन्याला एवढे आकडे उतरवून घेणार कोण? या प्रश्नावर सगळी सभा एकाच वेळी खिडकीबाहेर वॉचमनकडे बघते. याच सभेत पाण्याच्या बाटल्या वाटल्या गेल्या. लिटरला वीस रुपये, म्हणजे हजार लिटरला वीस हजार. मीटरच्या बिलाला सर्वांत जास्त विरोध करणारे गृहस्थ अर्धी बाटली खुर्चीखाली सोडून गेले.

शेवटी प्रयोग करायचं ठरलं. दोन घरांच्या फक्त बाथरूमच्या लाइनीवर महिनाभर मीटर. एक काकांकडे. दुसऱ्यासाठी मी स्वतः हात वर केला. तुम्हीही करा; असा क्षण आयुष्यात वारंवार येत नाही.

पहिल्याच रात्री दोनला उठून मी टॉर्च घेऊन आपला मीटर बघायला गेलो. आपला संयम काचेखाली कसा दिसतो, एवढंच बघायचं होतं. आकड्यांच्या बाजूला एक इवलंसं लाल चाक असतं. पाणी अगदी थोडं जरी वाहिलं तरी ते फिरतं. घरातले सगळे नळ बंद, बायको झोपलेली, आणि ते चाक शांतपणे, कसलीही घाई नसल्यासारखं फिरत होतं. काचेवर टिचकी मारून पाहिली. फिरतच होतं.

सकाळी बायकोने कमोडच्या टाकीत नीळ टाकली. फ्लश कोणीही केला नव्हता, तरी दहा मिनिटांत भांड्याच्या मागच्या बाजूने केसाएवढी निळी रेघ खाली उतरली. टाकीतलं रबर झिजलं होतं. कधीपासून, ते विचारू नका. टँकरचे दर वाढल्याबद्दल मी ग्रुपवर जे लिहिलं होतं, ते बहुतेक त्याच्या नंतरचं आहे.

अशा वेळी घाबरू नये. रबर गुपचूप बदलून घ्यावं, प्लंबरला चहा पाजावा आणि महिनाअखेरीला आकडे वाचले जातील तेव्हा आधीच जाहीर करावं, की आपला मीटर फास्ट आहे. मी दुरुस्ती करेपर्यंत आठ दिवस गेले होते, कारण प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणाला होता. वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले गेले. सात माणसांचा आणि आमचा. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

काका माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. नंतर जिन्यात थांबवून एवढंच म्हणाले, “धाकटी येत्येय हो आषाढात. पहिलीच वेळ आहे तिची. तीनेक महिने राहील.” मी म्हटलं, “येऊ द्या ना काका, माहेर आहे तिचं.”

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात विषय क्रमांक ९ असा आहे: ‘फ्लॅटनिहाय पाणी मीटर बसविणेबाबत. वेळेअभावी विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला.’ सूचक म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं नाव आहे, अनुमोदक म्हणून माझं.