आवाज चांगला आहे? बरं, कान कसे आहेत?

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करते म्हटलं की हमखास ऐकू येतं, "अगं, माझाही आवाज चांगला आहे, मलाही करायचंय!" जरूर करा. पण आधी माझी फजिती ऐका.

माझं पहिलंच प्रकरण ग्रंथालयातून परत आलं. जीव ओतून वाचलं होतं हो! प्रत्येक पात्राला वेगळा आवाज, दुःखाच्या प्रसंगी कुजबुज. तपासणाऱ्या बाई स्वतः दृष्टिहीन. म्हणाल्या, "मी दुप्पट वेगानं ऐकते. त्या वेगात तुमची कुजबुज कळतच नाही. आणि दोन तळटिपा कुठे गेल्या?" कंटाळवाण्या वाटल्या म्हणून मीच गाळल्या होत्या. डोळस माणूस तळटीप गाळतो ती स्वतःच्या मर्जीनं. त्यांच्या वतीनं गाळणारी मी कोण?

आता पंखा बंद करून, कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून साधं, स्वच्छ वाचते. तासाभराच्या रेकॉर्डिंगला माझे तीन तास जातात. एक शब्द चुकला तर अख्खं वाक्य पुन्हा. तेही दुसऱ्या दिवशी केलं तर आवाज जुळत नाही.

खरी टंचाई वाचणाऱ्यांची नाहीच, पुस्तक समोर धरून ओळ न् ओळ तपासणाऱ्यांची आहे. त्या कामाला कुणी हात वर करत नाही, कारण त्यात आपला आवाज कुणाला ऐकू जात नाही (कडू आहे, पण आहे). तपासणीत अडकलेलं पुस्तक परीक्षेनंतर हातात पडलं तर त्या विद्यार्थ्यानं त्याचं काय करायचं?

"आता मशीन वाचतं की!" वाचतं, आणि ज्याला आज रात्रीच पुस्तक हवंय त्याला मीही तेच सुचवीन. पण 'सारं जग' आणि 'पाण्याचा जग' यांतला ज वेगळा, हे लिपीत दिसत नाही. मशीन तिथे ठेचकाळतं.

आणि कृपा करून रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकू नका. २०१३ च्या माराकेश करारातली कॉपीराइटची सवलत छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी आहे, सगळ्या जगासाठी नाही.

सध्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या एका तक्त्यापाशी अडकलेय. सात रकाने, अकरा ओळी. आडवा वाचू की उभा? उद्या बाईंनाच फोन करते.